चालणाऱ्याच्या धमन्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सकाळी मैदानाला फेऱ्या मारताना गुडघेदुखीपासून शेअरबाजारापर्यंत सगळ्यावर चर्चा होते. त्यात ‘ब्लॉकेज’चा विषय निघाला की सांगणाऱ्यांना जोर चढतो. त्यातलं काही खरं असतं, बरंचसं ऐकीव.

गैरसमज : भराभर चाललं की धमन्यांतली चरबी धुऊन निघते.

वस्तुस्थिती : ही चरबी गाळासारखी पोकळीत बसलेली नसते. ती धमनीच्या भिंतीत, आतल्या अस्तराच्या खाली साचते. रक्ताने कितीही वेग घेतला तरी ती खरवडून निघत नाही. व्यायामाचा खरा परिणाम होतो तो अस्तरावर. हे अस्तर म्हणजे पेशींचा एकेरी थर. चालताना रक्त त्याला जोरात घासून जातं, पेशींना ते जाणवतं आणि त्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. जेमतेम काही सेकंद टिकणारा हा वायू भिंतीतल्या स्नायूला सैल करतो आणि धमनी रुंदावते. हे वरचेवर घडत राहिलं की तो वायू बनवण्याची पेशींची ताकदही वाढते.

अस्तराचं हे काम कळलं ते सशाच्या महाधमनीमुळे. न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट तिच्या पट्ट्यांवर अ‍ॅसिटाइलकोलीन हे रसायन टाकून पाहत होते. काही पट्ट्या सैल पडायच्या, काही आवळायच्या. आवळणाऱ्या पट्ट्यांचं अस्तर कापाकापीत घासून निघालं होतं! म्हणजे सैल पडायला अस्तर लागतं, हा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाच्या शोधासाठी १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना नोबेल मिळालं. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळीसुद्धा शरीराला हाच वायू पुरवते.

गैरसमज : साठीनंतर धमन्या कडक झाल्या की नुसत्या चालण्याने काही होत नाही.

वस्तुस्थिती : बैठी सवय असलेल्या मध्यमवयीन आणि वयस्क पुरुषांना अमेरिकेतल्या संशोधकांनी तीन महिने व्यायाम करायला लावला. व्यायाम म्हणजे मुख्यतः चालणं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अ‍ॅसिटाइलकोलीनला रक्तवाहिन्यांनी दिलेला प्रतिसाद सुमारे ३० टक्क्यांनी सुधारला आणि तरुणांच्या जवळ गेला. मापन झालं होतं हाताच्या रक्तवाहिन्यांवर. चालले पाय, सुधारणा दिसली हातात!

गैरसमज : हृदयविकार निघाला की आराम करावा.

वस्तुस्थिती : जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये स्थिर हृदयविकार असलेल्या १०१ पुरुषांपैकी काहींची अँजिओप्लास्टी केली, तर काहींना रोज २० मिनिटं जागेवरची सायकल चालवायला दिली. वर्षभरात सायकलवाल्यांपैकी ८८ टक्के जण मोठ्या त्रासाविना राहिले. अँजिओप्लास्टी झालेल्यांत हे प्रमाण ७० टक्के होतं. हा अभ्यास २००४चा आणि लहान आहे. शिवाय हे रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. हार्ट अटॅक आलेल्या माणसाला हा हिशेब लागू होत नाही. त्याला तातडीने रुग्णालयातच न्यायला हवं.

गैरसमज : रोज धावणाऱ्याला हृदयविकार होत नाही.

वस्तुस्थिती : बोस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकणारे क्लॅरन्स डीमार १९५८ साली कर्करोगाने गेले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या धमन्या नेहमीपेक्षा दोन ते तीन पट रुंद आढळल्या. उलट, अमेरिकेला धावण्याचं वेड लावणारे लेखक जिम फिक्स १९८४ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, धावायला गेले असताना कोसळले. त्यांच्या धमन्या चोंदलेल्या निघाल्या. पूर्वी ते भरपूर सिगारेट ओढत आणि त्यांचे वडीलही ४३व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. धावण्याने धोका कमी होतो, पण तंबाखू, कोलेस्टेरॉल आणि घराण्याचा वारसा यांचा हिशेब पुसला जात नाही.

गैरसमज : सकाळी तासभर चाललं की दिवसभर बसायला मोकळे.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते आणि बैठं काम कमी करा, असंही सांगते. इंडियाना विद्यापीठातल्या प्रयोगात काही पुरुष तीन तास सलग बसले. पहिल्या तासातच त्यांच्या मांडीच्या धमनीची रुंदावण्याची क्षमता घसरली. त्याच मंडळींना दुसऱ्या खेपेला दर तासाला पाच मिनिटं, ताशी जेमतेम तीन किलोमीटरच्या वेगाने चालवलं. तेव्हा ती घसरली नाही.