न्हाणीघरातील दिवा
(घरातील वीज : लेखांक सातवा)

जुन्या नाशकातील वाड्यांत न्हाणी मागल्या चौकाच्या कडेस, आडाच्या सोयीने बांधलेली असे. भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा बंब तिच्या तोंडाशी धुमसत असे, आणि पहाटे स्नान करणाऱ्यासाठी भिंतीतील कोनाड्यात एक चिमणी ठेवली, की उजेडाचा प्रश्न तेवढ्यावर मिटत असे. तो कोनाडा शिंतोड्यांच्या वाटेबाहेर, छातीच्या वर आणि भिंतीत खोल असे, कारण ज्योत पाण्याने विझते हे गवंड्यास ठाऊक होते. पुढे वीज आली, लाकडी पट्टीतून तारा फिरल्या, आणि दिवा पाण्याने विझत नाही या समजुतीवर होल्डर मनास येईल तेथे, बहुधा आरशाजवळ किंवा नळाच्या डोक्यावर, ठोकला गेला. कोनाड्यातील शहाणपण तेवढे मागे राहिले.

चिमणीवर पाणी पडले तर अंधार होत असे, एवढेच. होल्डरवर पडले तर काय होते याचा हिशेब मागील लेखांकात अर्थिंगच्या निमित्ताने मांडलेल्या आकड्यांवरून करता येईल. घरातील वीज २३० व्होल्टची. कोरड्या कातडीचा रोध कित्येक हजार ओहम असतो, परंतु तीच कातडी साबणाच्या पाण्याने भिजली आणि पाय ओल्या फरशीवर अनवाणी टेकले, की तो हजाराच्या आसपास उतरतो. म्हणजे शरीरातून दोनशेहून अधिक मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच स्नायू आखडून हातातील वस्तू सुटेनाशी होते, हे लक्षात घेतले म्हणजे बैठकीच्या खोलीत नुसता झटका देऊन सोडणारा दोष न्हाणीघरात प्राणावर का बेततो, याचा खुलासा होतो.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी जागा पाहावी. इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनच्या नियमावलीत स्नानगृहाचे विभाग पाडलेले आहेत : टबाच्या किंवा शॉवरच्या उथळ हौदाच्या पोटातील जागा हा शून्य विभाग, त्याच्या माथ्यावर जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा पहिला, आणि त्याच्या बाजूस साठ सेंटिमीटरपर्यंतचा दुसरा. हौद नसून शॉवरचे पाणी थेट फरशीवर पडत असेल, तर पहिला विभाग शॉवरपासून एक मीटर वीस सेंटिमीटरपर्यंत पसरतो. आता आपले चार फूट रुंद आणि सहा फूट लांब न्हाणीघर या मोजपट्टीवर धरून पाहावे. युरोपातील प्रशस्त स्नानगृहात एका कोपऱ्यात राहणारा तो पहिला विभाग आपल्याकडे जवळजवळ सगळी खोली व्यापून बसतो. उरते ती फक्त उंची. जुन्या घरांत छत नऊ-दहा फुटांवर असल्याने दिवा सव्वादोन मीटरच्या, म्हणजे सुमारे साडेसात फुटांच्या, वर सहज जातो. परंतु इंदिरानगर-गंगापूर रोडच्या फ्लॅटांत न्हाणीघरावर अडगळीसाठी माळा काढण्याची जी सर्रास तजवीज असते, तिने छतच सात फुटांवर येते, आणि उंच माणसाचा ओला हात वर केला की थेट दिव्यास लागतो. अशा ठिकाणी दिवा दाराच्या वरील भिंतीस, शॉवरच्या समोरच्या टोकाला घ्यावा, आणि पूर्ण बंदिस्त घ्यावा.

बंदिस्तपणाची ग्वाही खोक्यावरील 'आयपी' या अक्षरांपुढील दोन आकडे देतात. पहिला आकडा घन वस्तूंच्या व धुळीच्या शिरकावाचा, दुसरा पाण्याचा. आयपी ४४ म्हणजे एक मिलिमीटरहून जाड तार आत शिरणार नाही आणि कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे बाधणार नाहीत; आयपी ६५ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि पाण्याची धारही सोसेल. न्हाणीघरासाठी दुसरा आकडा निदान ४ असावा. हातशॉवरची किंवा धुण्याच्या पाइपाची धार दिव्यापर्यंत पोहोचत असेल तर ५. हे आकडे भारतीय मानक ब्यूरोनेही आयएस/आयईसी ६०५२९ या क्रमांकाखाली स्वीकारलेले आहेत. आयपी २० लिहिलेला पॅनेल दिवा कितीही देखणा असला तरी न्हाणीघरात त्याची रवानगी करू नये, कारण तेथील शून्याचा अर्थ पाण्यापासून काहीच संरक्षण नाही असा सरळ आहे.

मात्र या चाचण्या साध्या पाण्याने होतात, वाफेने नव्हे. आणि नाशिककरांची खरी अडचण वाफेची आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील पहाट दहा अंशांच्या खाली जाते, भिंती व छत थंडगार असतात, आणि दार लावून घेतलेल्या न्हाणीत कढत पाण्याच्या दोन बादल्या झाल्या की वाफ वर चढून जे जे थंड त्यावर थेंब होऊन बसते. शिवाय दिवा श्वास घेतो : पेटला की आतील हवा तापून बाहेर जाते, मालवला की निवताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, आणि पाण्याचा एक थेंबही न उडता काचेच्या आत दव साचते. असा पाच-सात हिवाळे काढलेला जुना होल्डर उघडून पाहावा (मेन स्विच पाडून, अर्थात). पितळी टाचण्यांवर हिरवे जंगाल चढलेले असते, स्प्रिंग दाबली तर वर येत नाही, स्क्रूपाशी तारेचे वेष्टन काळे पडून चुरचुरते, आणि बेकलाइटवरून एका टाचणीपासून दुसरीपर्यंत करड्या रेघेसारखा जळका माग गेलेला दिसतो. तो माग म्हणजे विजेने दमटपणातून स्वतःसाठी काढलेली वाट होय. झरोका बुजवून टाकणाऱ्यांनी निदान एक्झॉस्ट पंखा बसवावा. कोणत्याही आयपी आकड्यापेक्षा त्याने दिव्याचे आयुष्य अधिक वाढते, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट, खोक्यावरील आकडा हा कारखान्यातील दिव्याचा असतो, भिंतीवरील दिव्याचा नव्हे. वायरमन पाठीमागे हवे तसे भोक पाडून तार आत घालतो, रबरी ग्लँड खिशात राहते, खडबडीत टाइलवर गॅस्केट नीट टेकत नाही, आणि आयपी ६५ चा दिवा वीस मिनिटांत आयपी काहीच-नाही होतो. त्याच्याकडून तार खालून आत घेववावी व ग्लँड आवळवून घ्यावी. स्विच बाहेर असावा आणि तो फेजवर असावा; न्यूट्रलवर असेल तर दिवा मालवलेला दिसतो, होल्डर मात्र जिवंत राहतो. हे टेस्टरने पाहण्यास एक मिनिट पुरते. उघड्या होल्डरातील स्वस्त एलईडी बल्बांविषयीही सावध असावे : त्यांपैकी पुष्कळांत आतील मंडल मुख्य विजेपासून अलग केलेले नसते, आणि वरची प्लॅस्टिकची टोपी निखळली की आतील धातूची चकती प्रवाहित असू शकते.

उजेडाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. एवढ्याशा खोलीस आठ-दहा वॅट भरपूर होतात. दाढी करणाऱ्याने आरशासमोर दिवा हवा असा हट्ट धरल्यास बारा व्होल्टची पट्टी लावून तिचा ट्रान्सफॉर्मर न्हाणीघराबाहेर ठेवावा.

या सर्वांवर शेवटचा बंदोबस्त म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्यास वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात, बोर्डावर हवाच. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांची तो सतत तुलना करतो व तफावत आढळताच वीज तोडतो. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्यास तो वाचवू शकत नाही, कारण त्याच्या दप्तरी जमा आणि खर्च तेव्हाही जुळलेलेच असतात. त्यावर 'टी' लिहिलेली कळ असते. ती महिन्यातून एकदा दाबावी. खटका पडला नाही, तर वायरमनला त्याच दिवशी बोलवावे, आणि तो येईपर्यंत गिझर लावू नये. गिझरची कैफियत मोठी आहे. ती पुढील लेखांकी.