‘उद्यापासून येऊ नका’ म्हणताना...

‘कुणाच्या पोटावर पाय देऊ नये’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. तरीही आपल्यापैकी बहुतेकींनी आयुष्यात एकदा तरी कुणाला कामावरून काढलेलं असतं. धुण्याभांड्याच्या बाईला! तेही कसं? ‘आम्ही महिनाभर गावाला जातोय’ अशी थाप मारून, नाहीतर वॉचमनकडे निरोप ठेवून. समोर बसवून, कारण सांगून, हिशेब हातात देणाऱ्या आपल्यात किती जणी? महाराष्ट्रात २००८ मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला खरा, पण निरोप कसा द्यायचा, हे शेवटी आपल्या मनावरच राहिलं.

माझ्यावर ही वेळ आली ती घरात नाही, कामाच्या जागी. नाशिकला माझा मसाले आणि फराळाचा छोटासा उद्योग आहे. कामाला सात बायका. त्यातल्या वहिनी सर्वांत जुन्या, सहा वर्षांपासूनच्या. भाजणीचा नुसता वास घेऊन ‘ताई, धने कच्चे राहिलेत’ असं सांगणाऱ्या. नव्या बायका आणणं, त्यांना शिकवणं, सगळं त्यांच्याकडे.

२०२५ च्या दिवाळीनंतर एका नव्या मुलीने उचल मागितली. ‘अगं, परवाच तर पगार झाला ना?’ म्हटल्यावर ती रडायलाच लागली. काम मिळवून दिलं म्हणून वहिनी तिच्याकडून दरमहा पाचशे रुपये घेत होत्या. आणखी दोघींकडूनही! वहिनींना विचारलं, तर त्यांनी काही लपवलं नाही. ‘मुकादम घेतातच की ताई, मी काय वेगळं केलं?’ मी त्यांना बजावलं, ते कागदावर लिहून सही घेतली, पैसे परत करायला लावले. त्यांनी ते केलेही. जानेवारीत पुन्हा तेच. या वेळी पाचशेचे सातशे, वर ‘ताईंना सांगितलंस तर बघ’ ही धमकी.

वहिनींचा नवरा अपघातानंतर घरीच बसून आहे. मुलगी बारावीला. सासूबाई म्हणाल्या, ‘पोरीची परीक्षा तरी होऊ दे गं.’ नवरा म्हणाला, ‘तू नको त्रास करून घेऊस, मी सांगतो.’ पण पगार मी देते, तर हेही मीच सांगायला हवं होतं. दोन रात्री झोप नाही. वहिनींच्या घरची चूल डोळ्यांपुढून हलेना. मग त्या तिघींचा विचार केला. नऊ हजारांतले सातशे जाणं म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक. पोट त्यांनाही होतंच की!

कामगार कायद्याच्या सल्लागारांना विचारलं. ते म्हणाले, गैरवर्तनासाठी काढायचं तर आरोप लेखी द्या, बाजू मांडायची संधी द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे काढलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. ग्रॅच्युइटीचा नियम दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे, तोही साधारण पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर. आम्ही सातच, म्हणजे बंधन नव्हतं. तरी मी त्याच सूत्राने हिशेब केला. महिना तेरा हजार, त्याला सव्वीसने भागून पंधराने गुणलं की वर्षाचे साडेसात हजार. सहा वर्षांचे पंचेचाळीस हजार. ‘अशा बाईला वर पैसे?’ घरात वाद झाला. माझं म्हणणं एकच होतं, सहा वर्षं भाजणी तिने भाजली आहे, ते काम खोटं नव्हतं.

मंगळवारी दुपारी, बाकीच्या जेवायला बसल्यावर, वहिनींना आत बोलावलं. इकडचं तिकडचं न बोलता पहिल्याच वाक्यात सांगितलं, ‘वहिनी, उद्यापासून तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही.’ मग कारण, मग हिशेब. त्या रडल्या नाहीत. पैसे दोनदा मोजले. ‘परीक्षेपर्यंत थांबला असतात तर?’ एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, ‘परीक्षेपर्यंत त्या पोरींनी पैसे देत राहायचं का?’ त्यावर त्या उठल्या आणि गेल्या.

पुढचे आठ दिवस कामाच्या जागी कुणी नीट बोलेना. ज्या तिघींसाठी हे केलं, त्यातली एक तर म्हणाली, ‘ताई, आमच्यामुळे झालं हो!’ तिला समजावताना माझीच दमछाक झाली. भाजणीही दोनदा बिघडली. वहिनींचं नाव मात्र मी कुणापुढे वाईट घेतलं नाही. दुसरीकडून त्यांच्याबद्दल चौकशीचा फोन आला, तेव्हा जे होतं ते सांगितलं. काम उत्तम, पण पैशांचा व्यवहार आणि नवी माणसं त्यांच्या हाती देऊ नका.

मैत्रिणींनो, चार बायका हाताखाली घेऊन काही सुरू करणाऱ्या आता आपल्यात पुष्कळ आहेत. कुणाला काढायची वेळ कधीतरी येतेच. तेव्हा थाप नको, निरोप्या नको, चारचौघांत अपमान नको. कारण स्पष्ट सांगा, हिशेब पुरा द्या. आणि एक करा, प्रत्येकीचा पगार तिच्या स्वतःच्या हातात किंवा खात्यात द्या, आणि महिन्यातून एकदा एकेकीशी एकटीने बोला. आता मी दर पाच तारखेला तेच करते. नवी मुलगी परवा आली होती. उचल मागायला नाही, ‘मला भाजणी शिकवाल का?’ विचारायला.