आजीच्या सुपातले इंग्रजी शब्द

गेल्या रब्बीत ज्वारीच्या पीक कापणी प्रयोगासाठी एका गावी गेलो होतो. प्लॉट आखून, ज्वारी कापून, कणसे बडवून वजन होईपर्यंत दुपारचा दीड वाजला. शेतमालक म्हणाले, "साहेब, भाकरी खाल्ल्याबिगर जायचं न्हाय." गेलो. ओसरीवर त्यांची आई सुपात तूर पाखडत बसली होती. शेजारी खांबाला टेकून नात बसली होती, पुढ्यात पुस्तक उघडे आणि तोंड उतरलेले.

"हिला जरा तुम्हीच सांगा," मालक म्हणाले. "बी.ए.ला हौसेनं इंग्रजी घेतलं. आता म्हणती झेपत न्हाय, विषय बदलते. सोमवारी फॉर्म भरायचाय."

इंग्रजी हा काही माझा प्रांत नव्हे. मी शेतकीचा पदवीधर. पण पुस्तक हातात घेतले. बायबलातील रूथची गोष्ट होती; इंग्लंडात राजा जेम्सच्या काळी, १६११ साली, जे भाषांतर छापले गेले त्यातली. पानभर शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा आणि वर बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले. एके ठिकाणी लिहिले होते, 'धान्याचे कान गोळा करणे.'

हसू आले, पण ते मी गिळले. त्याला कारण आहे. पस्तीसेक वर्षांपूर्वी मी मराठी शाळेतून थेट शेतकी महाविद्यालयात गेलो. पहिल्याच आठवड्यात सरांनी 'ॲनिमल हजबंडरी' म्हणजे काय, असे विचारले. हजबंड म्हणजे नवरा एवढे मला ठाऊक होते. त्यावरून मी जे उत्तर दिले ते इथे छापण्यासारखे नाही. सारा वर्ग हसला, सरही हसले. अर्थ मात्र कोणी सांगितला नाही. पुढे वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. त्या वर्षी दोन विषय राहिले, ते न समजल्यामुळे नव्हे, न विचारल्यामुळे.

पुढे कळले की हजबंड हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून. हूस म्हणजे घर आणि बोंडी म्हणजे जमीनजुमला धरून राहणारा कास्तकार. लग्नाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. आपल्याकडे बायका नवऱ्याला घरधनी म्हणतात, तसेच हे. म्हणून हजबंडमन म्हणजे शेतकरी, हजबंडरी म्हणजे शेतीचा आणि गुराढोरांचा संसार, आणि एखादी वस्तू हजबंड करणे म्हणजे ती पुरवून पुरवून वापरणे. हे त्या दिवशी वर्गात कोणी दोन मिनिटांत सांगितले असते, तर! असो.

तर ते धान्याचे कान. इंग्रजीत 'इअर' हे दोन निराळे शब्द आहेत. एक कानाचा, दुसरा कणसाचा. दोघांचे मूळ वेगळे, उच्चार मात्र एक झाला. आणि 'ग्लीन'? मुलीच्या शब्दकोशात होते, 'थोडे थोडे गोळा करणे.' चुकीचे नाही, पण त्यात जीव नाही. मी तिला म्हटले, शब्द बाजूला ठेव, आधी गोष्ट सांग. तिने सांगितली.

रूथ ही परमुलखातली विधवा सून. ती सासूबरोबर बेथलेहेमला येते. सातूची कापणी नुकतीच सुरू झालेली असते. घरात दाणा नाही. म्हणून ती बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या रानात कापणाऱ्यांच्या मागे मागे जाऊन पडलेली कणसे वेचते. त्या लोकांत तसा नियमच होता, की कडेचे पीक आणि खाली पडलेली कणसे मालकाने उचलायची नाहीत. ती गरिबाची, परक्याची, विधवेची. बवाज तर आपल्या गड्यांना सांगतो की तिच्यासाठी मुद्दाम चार मुठी खाली टाका.

सूप थांबले. आजी म्हणाली, "आगं, मग सरवा वेचत हुती म्हण की! म्या वेचलाय की सरवा. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदी, तुझा आजा आजारी हुता तवा. पाटलाच्या रानात कापणारणींच्या मागनं. सांजच्याला पदरात दोन-अडीच शेर जवारी यायची."

नात आजीकडे बघतच राहिली. तिने सरवा हा शब्द ऐकलाच नव्हता. आणि आजीने सरवा वेचला होता, हे तर घरात कोणालाच ठाऊक नसावे. मालकही मान खाली घालून बसले.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की या मुलीची अडचण इंग्रजीची नव्हतीच. इंग्रजी शब्दाचा जो खरा जोडीदार, तो मराठी शब्दच तिच्यापर्यंत पोचला नव्हता. मळणी यंत्र आले, खळे गेले. खळ्याबरोबर तिवडा गेला, बैलांची पात गेली, मातेरे गेले. यंत्राने बायाबापड्यांचे कष्ट वाचवले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. यंत्राची शिफारस करत मीच गावोगाव हिंडलो आहे. पण मग 'विनो' या शब्दापुढे मूल अडते. रूथच्या गोष्टीत बवाज रात्री खळ्यावर सातू 'विनो' करतो. शब्दाच्या पोटातच विंड म्हणजे वारा आहे. आजीने लगेच उभे राहून, हात उंच करून दाखवले, "तिवईवर उभं ऱ्हायचं, पाटी वर धरायची आन वारं द्याचं. भूस पल्याड, दाना खाली." म्हणजे उपणणे. मुलीने तोवर पाखडणे लिहिले होते. आजीने तेही दुरुस्त केले: पाखडायचे सुपात, उपणायचे वाऱ्यावर.

पुढची अडचण 'कॉर्न'ची. मुलीने मका लिहिले होते. इथे मी स्वतः फसलेलो आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या विलायती पुस्तकावरून धान्य साठवणुकीचे एक माहितीपत्रक तयार केले आणि कॉर्न दिसेल तिथे मका लिहीत सुटलो. पत्रके वाटून झाल्यावर चौथी शिकलेले एक वयस्क शेतकरी म्हणाले, "साहेब, विलायतेत एवढी थंडी, तिथं एवढा मका पिकतोय का?" मी निरुत्तर! परत जाऊन पाहिले तर इंग्लंडात कॉर्न म्हणजे धान्य. ज्या मुलखात जे मुख्य पीक ते तिथले कॉर्न. इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट, आणि अमेरिकेत मका. मका हे अमेरिका खंडातले पीक. कोलंबस तिकडे १४९२ साली गेला, तोवर बेथलेहेमला त्याचा दाणाही पोचलेला नव्हता. रूथच्या गोष्टीतले कॉर्न म्हणजे बहुधा सातूच. ब्रिटनमध्ये १८१५ ते १८४६ या काळात परदेशी धान्यावर जकात बसवणारे 'कॉर्न लॉ' होते, तेही मुख्यतः गव्हासारख्या धान्याचे. मक्याशी त्यांचा संबंध जोडू नये.

असाच दुसरा फसवा शब्द 'मीट'. जुन्या पुस्तकात त्याचा अर्थ नुसते अन्न. माळकरी वाचकांनी दचकू नये. मिठाईला इंग्रजीत स्वीटमीट म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

काही ठिकाणी तर मराठी मुलाला इंग्रज मुलापेक्षा सोपे जावे. 'दाउ' म्हणजे तू. इंग्रजांनी सतराव्या शतकात रोजच्या बोलण्यातून तू जवळजवळ काढून टाकला आणि सगळ्यांना तुम्ही लावले. तू उरला प्रार्थनेत, कवितेत आणि काही खेड्यांच्या बोलीत. आपल्याकडे तू आणि तुम्ही दोन्ही ठणठणीत आहेत. 'हिदर' म्हणजे इकडे, 'दिदर' तिकडे, 'विदर' कुणीकडे. आजचा इंग्रज इथे आणि इकडे यांना एकच शब्द वापरतो. आपण फरक करतो. मुलीला हे सांगितल्यावर तिने रेघ मारलेले सहा-सात शब्द एका दमात सोडवले.

मग मलाच चेव आला. म्हटले, एकर घे. मुळात एकर म्हणजे शेत, आणि पुढे एका बैलजोडीने दिवसभरात नांगरायचे रान. संस्कृतातला 'अज्र' हा शब्द त्याचा नातेवाईक. बैलांच्या मानेवरचे 'योक', संस्कृतातले युग आणि आपले जू हेही एकाच घरचे. फर्लांग तर आपले आजोबा बोलत होते: "वस्ती दोन फर्लांगावर आहे." फरो म्हणजे नांगराचे तास आणि लाँग म्हणजे लांब, बैलांनी न थांबता ओढायच्या एका तासाची लांबी, ६६० फूट. तेवढ्या लांबीचा आणि ६६ फूट रुंदीचा पट्टा म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीसने गुणून पाहा. मालकांनी मोबाइल काढून गुणाकार केला आणि समाधानाने मान हलवली. इंग्रजीबद्दल त्यांचे मत तिथेच थोडे बदलले असावे.

वर्तमानपत्रात युद्धाचा किंवा पुराचा 'आफ्टरमाथ' असे येते. माथ म्हणजे गवताची कापणी. पहिली कापणी झाल्यावर त्याच कुरणात फुटून आलेले गवत तो आफ्टरमाथ. आपल्या उसाच्या खोडव्यासारखा. रेडिओचे 'ब्रॉडकास्ट' म्हणजे मुळात बी फोकून पेरणे. चोरून ऐकणाऱ्याला 'ईव्ह्ज्‌ड्रॉपर' म्हणतात, म्हणजे पागोळ्या पडतात तिथे, वळचणीला उभा राहून कान लावणारा. यावर आजी एका शेजारणीचे नाव घेणार होती, मालकांनी डोळे वटारले.

आणि 'लेडी'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पिठाचा उंडा मळणारी. मालकीणबाई त्याच वेळी परातीत पीठ मळत होत्या. मी हे सांगितल्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. पुढची भाकरी मात्र जरा मोठी पडली.

निघताना मुलीला दोन गोष्टी सांगितल्या. एक, शब्दांची वही ए-बी-सी-डीप्रमाणे करू नकोस, कामांप्रमाणे कर: पेरणी, कापणी, खळे, गुरे, घर, देवघर. दुसरी, मोठा शब्दकोश पाहायला शिक. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १८८४ पासून भागाभागाने निघाला आणि १९२८ साली पुरा झाला. त्यात शब्दाचे सर्वांत जुने अर्थ आधी आणि नवे नंतर दिलेले आहेत. जुने पुस्तक वाचताना वरून सुरुवात करायची. छोट्या कोशात आणि मोबाइलवरच्या कोशात आजचाच अर्थ पुढे येतो आणि आपण मक्याच्या रानात शिरतो.

तिने विचारले, "काका, हार्वेस्ट म्हणजे कापणीच ना? का तिथंही काही निराळं आहे?"

म्हटले, आहे. जुन्या काळी हार्वेस्ट हे कापणीचे नाव नव्हते, त्या ऋतूचे होते. पीक हाताशी येण्याचे दिवस, ते हार्वेस्ट.

आजीने सूप झटकले. "सुगी," ती म्हणाली. "लिही."

नातीने लिहिले. सोमवारी फॉर्म भरला, त्यात विषय इंग्रजीच ठेवला, असे मालकांनी नंतर फोनवर कळवले. वही निम्मी भरली आहे म्हणे, आणि तिच्यात आजीचे शब्द इंग्रजीपेक्षा जास्त झाले आहेत.