बी.एड.चा अभ्यासक्रम : एका विषयाची जुळवाजुळव

आपल्या संस्थेच्या सभासदांच्या घरांतून दरवर्षी काही मुले-मुली बी.एड.ला प्रवेश घेतात. दोन महिने झाले की ती भेटतात आणि हमखास एक प्रश्न विचारतात, "सर, एवढे विषय ठरवितो तरी कोण?" प्रश्नात थोडी तक्रार असते आणि ती रास्त आहे. आम्ही तिघे अध्यापक महाविद्यालयांत शिकवितो. काही काळापूर्वी एका विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने आमच्याकडे 'समकालीन भारत आणि शिक्षण' या विषयाचा मसुदा तयार करण्याचे काम सोपविले. ते करताना आम्हांला जे उमगले ते सभासद बंधुभगिनींपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावांचा घोळ मिटवू. अभ्यासक्रम ही मोठी गोष्ट आहे. विषय, तासिका, पाठ, शाळेतील अनुभव, सहल, स्नेहसंमेलन हे सारे तिच्यात येते. एका विषयाचे घटक, उपघटक, तास, गुण आणि संदर्भग्रंथ यांचा जो आराखडा असतो तो पाठ्यक्रम होय. विद्यापीठात मात्र दोहोंनाही सर्रास अभ्यासक्रमच म्हणतात. आम्हीही या लेखात तसेच म्हणणार आहोत.

हे काम कोणा एकाच्या मर्जीने होत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि ते २०१५ पासून अमलात आले. प्रवेश व परीक्षा वगळून वर्षाला किमान २०० दिवस काम, आठवड्याला किमान ३६ तास, दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळानुभव ही चौकट वरून आलेली आहे. तिच्या आत घटक मांडण्याचे काम विद्यापीठाचे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार शिक्षणशास्त्र हा विषय आंतरविद्याशाखीय अभ्यास या विद्याशाखेत येतो. मसुदा अभ्यास मंडळात ठरतो, विद्याशाखेकडे जातो आणि विद्या परिषदेची मान्यता मिळाल्यावर लागू होतो. एवढ्या पायऱ्या असूनही खरे लिखाण दोन-चार माणसांच्या हातून, बहुधा एखाद्या सुट्टीत, घाईघाईने होते हे सांगितले पाहिजे.

घाई असली की जुना अभ्यासक्रम समोर घेऊन नवा लिहिला जातो. आम्हीही सुरुवात तशीच केली. वैदिक काळ, बौद्ध काळ, मुस्लिम काळ, ब्रिटिश काळ, मग आयोगांची रांग आणि सर्वांत शेवटी संविधान व शिक्षणहक्क. साठ तास, सारी व्याख्याने. लिहून झाल्यावर आमच्यातील एकाने विचारले, "या विषयाच्या मागच्या वर्गातून मुलांना काय आठवते?" आम्ही आठवून पाहिले. पब्बज्जा आणि उपसंपदा यांच्या दोन ओळींच्या व्याख्या, नालंदेवर टीप, कोठारी आयोगाची वर्षे १९६४-६६. बौद्धकालीन शिक्षणपद्धतीचे एवढेच उरावे याचे आम्हांला वाईट वाटले. पण त्याहून वाईट म्हणजे शिक्षणहक्काबद्दल कोणाला काही सांगता येत नव्हते. कारण साधे होते. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, पहिले सत्र उशिरा सुरू होते, सूक्ष्म अध्यापनाचे पाठ मध्येच येतात. शेवटचा घटक "घरी वाचून घ्या" यात जातो. घटकांचा क्रम लावणाऱ्याने काय शिकविले जाणार नाही हेही त्याच वेळी ठरविलेले असते.

तेव्हा पहिला मसुदा बाजूला ठेवला आणि राल्फ टायलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाकडे वळलो. त्याच्या १९४९ च्या छोट्या पुस्तकात चार प्रश्न आहेत. शिक्षणातून काय साधावयाचे? त्यासाठी कोणते अनुभव द्यावयाचे? ते कसे लावावयाचे? आणि साधले की नाही हे कसे पाहावयाचे? बी.एड.चे विद्यार्थी हे चार प्रश्न पाठ करतात, आणि अभ्यासक्रम लिहिणारे आपण मात्र पहिला व चौथा गाळून थेट विषयांची यादी करतो.

उद्दिष्टे लिहिणे हे कष्टाचे काम आहे. "विद्यार्थ्यांना शिक्षणहक्क कायद्याची माहिती होईल" हे वाक्य आम्ही आधी लिहिले होते. माहिती झाली हे कसे ओळखणार? ब्लूमने १९५६ मध्ये उद्दिष्टांची उतरंड मांडली तिचा उपयोग येथे होतो. आम्ही वाक्य बदलले : विद्यार्थी-शिक्षक आपल्या सराव शाळेची स्थिती कायद्याच्या अनुसूचीशी ताडून पाहील. अनुसूचीत काय आहे? साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेत किमान दोन शिक्षक, पाचवीपर्यंत वर्षाला २०० व सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस, मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, ग्रंथालय. कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही आहे. ही समिती कागदावर आहे की बसते, हे शाळेत गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून चार श्रेयांकांपैकी एक श्रेयांक आम्ही क्षेत्रकार्याला दिला. व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला पंधरा तास, प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास असा हिशेब असतो. त्याप्रमाणे वर्गात पंचेचाळीस तास आणि बाहेर तीस तास झाले. पंचेचाळीसपैकी समाजातील विविधता व विषमता यांना बारा, संविधान व शिक्षणहक्क यांना अठरा, आयोग व धोरणे यांना पंधरा. संविधान मधोमध आणले, म्हणजे ते घरी वाचायला जाणार नाही.

अठरा तास कशाला, असे आम्हांला विचारले गेले. उत्तर असे. महात्मा फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला निवेदन दिले. परीक्षेत त्यावर 'टीप लिहा' असा प्रश्न येतो आणि गाईडमधील पाच ओळींवर भागते. मूळ निवेदन वाचले तर तो एक अभ्यासक्रमाचा आराखडाच आहे असे दिसते. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हा त्यांचा मुद्दा. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शक्य तेथे शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि मुलांना मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचे धडे द्यावेत, असे त्यांनी सुचविले. कोणासाठी, काय, कोणी शिकवावे, आणि पैसा कोठून यावा, हे चारही प्रश्न त्यात आहेत. टायलरच्या पुस्तकाला तेव्हा सदुसष्ट वर्षे अवकाश होता.

पुढे गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे १९११ चे विधेयक फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांची मुदत होती, ती १९६० ला संपली. अनुच्छेद २१-क आला तो २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने, कायदा झाला २००९ मध्ये आणि लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. या तारखा पाठ करण्यासाठी अठरा तास लागत नाहीत. इतकी वर्षे का लागली, याची चर्चा करावयाची तर ते कमीच पडतात.

बाबासाहेबांचे १९२७ चे मुंबई विधिमंडळातील शिक्षणविषयक भाषणही आम्ही मूळ वाचनात घातले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सभागृहापुढे मांडले होते. यावरून आम्हांला एक कृती सुचली. विद्यार्थी-शिक्षकाने आपल्या सराव शाळेचे जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहावे, एका वर्षी पहिलीत दाखल झालेली मुले किती, त्यांपैकी त्याच शाळेत चौथीपर्यंत किती टिकली, बाकीची दाखला घेऊन गेली की नुसतीच दिसेनाशी झाली, हे मोजावे. नावे लिहू नयेत, आकडेच लिहावेत. या कृतीचे उत्तर गाईडमधून उतरविता येत नाही.

आता भाषेचे. आमच्या पहिल्या यादीत बहुतेक संदर्भग्रंथ इंग्रजीत होते. अशी यादी भारदस्त दिसते, पण तालुक्याच्या महाविद्यालयात त्यांतील दोन-तीन पुस्तके कपाटात मिळाली तरी पुष्कळ. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी मग गाईडकडेच जाणार. त्याला दोष देता येत नाही. आम्ही नियम केला की प्रत्येक घटकाला एक तरी मूळ मराठी किंवा मराठीत उपलब्ध असलेले वाचन हवे, आणि कायदा मूळ कलमांसह वाचावयाचा. पारिभाषिक शब्दांचा त्रास वेगळाच. 'असेसमेंट'ला एका पुस्तकात मूल्यांकन, दुसऱ्यात मूल्यनिर्धारण, प्रश्नपत्रिकेत तिसरेच. परीक्षेच्या दालनात शब्द ओळखीचा नाही म्हणून येणारे उत्तर सुटलेले विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. म्हणून अभ्यासक्रमाच्या शेवटी एका पानाचा शब्दसंग्रह जोडला, आणि प्रश्नपत्रिकेत तेच शब्द यावेत अशी टीप दिली. सगळ्या मसुद्यात बहुधा हेच पान सर्वांत उपयोगी पडेल.

राहता राहिले गुण. प्रश्नपत्रिकेच्या घटकवार आराखड्याला आपल्याकडे संविधान तक्ता म्हणतात, आणि आम्ही संविधानाच्या घटकाचा संविधान तक्ता करीत बसलो होतो तेव्हा हसू आवरेना. तक्ता केल्यावर लक्षात आले की ज्या घटकाला सर्वाधिक तास त्यालाच स्मरणाचे सर्वाधिक प्रश्न दिले गेले होते. ते बदलले. क्षेत्रकार्याच्या अंतर्गत गुणांना लेखी निकष जोडले : नोंदी प्रत्यक्ष शाळेतील आहेत का, आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष पटण्याजोगा आहे का. निकष नसले की अंतर्गत गुण सरसकट भरभरून दिले जातात आणि कष्ट करणारा व न करणारा सारखेच होतात.

मसुदा मंडळापुढे गेला तेव्हा चर्चा बरीच झाली. आयोगांचे तास कमी का, हा एक आक्षेप. दुसरा आक्षेप आम्हांला मान्य करावा लागला. 'आठवीपर्यंत कोणालाही नापास करता येत नाही' असे एक वाक्य जुन्या पुस्तकातून आमच्या मसुद्यात तसेच उतरले होते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आहे. घाईघाईने लिहिणाऱ्यांवर टीका करणारे आम्ही तेथे स्वतःच सापडलो. वाक्य दुरुस्त केले. जनरल रजिस्टरची कृती मात्र सक्तीची न राहता ऐच्छिक झाली, कारण शाळा रजिस्टर दाखवितील याची खात्री देता येत नाही, असे बहुतेकांचे मत पडले. ते चुकीचे नव्हते.

आपल्या सभासदांत मुख्याध्यापक आहेत, निवृत्त केंद्रप्रमुख आहेत. शाळानुभवासाठी आलेला एखादा विद्यार्थी-शिक्षक वही घेऊन तुमच्या कार्यालयात उभा राहिला आणि जुने रजिस्टर मागू लागला, तर त्याला बसायला खुर्ची द्यावी आणि ते उघडून दाखवावे. पाच-सहा शाळांनी जरी तसे केले, तरी अभ्यासक्रमाच्या पुढच्या फेरविचाराच्या वेळी ही कृती सक्तीची करा, असे म्हणावयास आमच्याजवळ आधार राहील.