छापलेला आंकडा खरा कसा राहील?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस मोटारींचे कारखाने नवे नाहींत. परंतु आजच्या वाहनांत लोखंडी भागांबरोबर अनेक लहान संगणकही बसविलेले असतात, आणि त्यांच्या आज्ञा बहुधा 'सी' भाषेंत लिहितात. ही भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत निर्माण केली. तींत पूर्णांक कसा छापावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण त्याचा संबंध खऱ्या-खोट्याशीं आहे, म्हणून त्याचें विवेचन येथें करीत आहों.

पूर्वी गांवोगांवचा शेर निरनिराळा असे. १९५६ च्या कायद्यानें सर्व देशास एकच दशमान पद्धति लागू झाली. 'सी' भाषेंतील 'इंट' हा प्रकार जुन्या शेरासारखा आहे. शून्य किंवा एक एवढेंच मावेल अशा घरास 'बिट' म्हणतात. कांहीं लहान यंत्रांवर 'इंट' १६ बिटांचा असतो, व त्यांत ३२,७६७ पेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. घरच्या संगणकावर तो ३२ बिटांचा असतो. हा घोटाळा मिटावा म्हणून १९९९ च्या प्रमाणग्रंथानें 'इंट३२_टी', 'इंट६४_टी' अशीं, रुंदी सांगणारीं नांवें दिलीं.

माप ठरलें, तरी छपाईचा प्रश्न उरतो. छापण्याचें काम करणाऱ्या 'प्रिंटएफ'ला संख्येची रुंदी दिसत नाहीं. टक्क्याच्या चिन्हापुढें जें अक्षर लिहावें त्यावर तें विश्वास ठेवतें. 'डी' म्हणजे साधा 'इंट'. समजा, १६ बिटांच्या 'इंट'चें यंत्र आहे, आणि गाडीचे ७०,००० किलोमीटर ३२ बिटांच्या संख्येंत ठेवले आहेत. ती संख्या नुसत्या 'डी'नें छापल्यास काय होईल याची हमी प्रमाणग्रंथ देत नाहीं. पुष्कळदां खालचे १६ बिट तेवढे वाचले जाऊन ४,४६४ असें उमटतें. जुनी गाडी नवी ठरते! स्मृतींतील संख्या खरी, पण तपासणीच्या नोंदींतील खोटी. शिवाय तीच आज्ञा घरच्या संगणकावर बरोबर उत्तर देते, म्हणून दोष लपून राहतो.

यावर उपाय तीन. पहिला व उत्तम उपाय 'इंटटाइप्स' या हेडरचा. त्यांत 'पीआरआयडी३२', 'पीआरआयडी६४' अशीं नांवें आहेत: 'पीआरआय' म्हणजे छपाई, 'डी' म्हणजे ऋण-धन संख्या, आणि शेवटीं रुंदी. चिन्हरहित प्रकारासाठीं 'डी'च्या जागीं 'यू' घालावा. टक्क्याचें चिन्ह लिहून अवतरण बंद करावें, हें नांव बाहेर लिहावें, आणि पुढील मजकुरासाठीं अवतरण पुन्हा उघडावें. कंपायलर हे तुकडे जोडतो, व त्या यंत्रास योग्य तीं अक्षरें तेथें येतात. दुसरा उपाय: संख्येचें 'इंटमॅक्स_टी' या सर्वांत रुंद प्रकारांत रूपांतर करून टक्क्यापुढें 'जेडी' लिहावें. मात्र कांहीं लहान यंत्रांच्या छपाई-संग्रहांस हें चिन्ह कळत नाहीं. तिसरा उपाय: ३२ बिटांपर्यंतची संख्या 'लाँग'मध्यें रूपांतरित करून 'एलडी'नें छापावी, कारण 'लाँग' कोठेंही ३२ बिटांहून लहान नसतो.

कंपायलरच्या सूचना चालू ठेवाव्या, आणि ज्या यंत्रावर काम चालावयाचें त्याच यंत्रासाठीं आज्ञा तपासून घ्याव्या.

नीतिसूत्रांच्या पुस्तकांत खोट्या तराजूचा निषेध केलेला आहे. ज्याच्या हातीं तराजू नाहीं, पण आंकडे आहेत, त्यासही तो धडा लागू आहे. कारखान्यांतील कामगार, गाडी विकत घेणारा गृहस्थ, रस्त्यानें जाणारें मूल, हे सर्व कोणीतरी छापलेल्या आंकड्यावर विसंबून असतात. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनीं यंत्राविषयीं अंदाज बांधूं नये. मापाचें नांव स्पष्ट लिहावें, व छापतांनाही त्याच मापास जागावें.