डायलिसिसआधीचे महिने

मूत्रपिंडे एका दिवसात निकामी होत नाहीत. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब या दोन मुख्य कारणांनी ती वर्षानुवर्षे झिजत जातात आणि बराच काळ शरीर त्याची फारशी तक्रारही करत नाही. त्यांची रक्त गाळण्याची क्षमता रिपोर्टमध्ये ‘ईजीएफआर’ या नावाने लिहिलेली असते. निरोगी तरुण माणसात हा आकडा मिनिटाला ९० मिलिलिटरच्या वर असतो. तो ३० च्या खाली गेला की आजाराची चौथी पायरी आणि १५ च्या खाली गेला की पाचवी, म्हणजे शेवटची. चौथ्या पायरीपासूनच डायलिसिसच्या तयारीला लागायचे असते. हा काळ काही महिन्यांचा असतो, कधी काही वर्षांचाही. त्यात काय केले आणि काय राहून गेले, यावर पुढचे बरेच काही ठरते. घरात या तयारीचा मोठा भार नवऱ्यावर किंवा बायकोवर येतो.

घरोघरी चर्चा होते ती क्रिएटिनिनची. पण तो आकडा एकटा फसवा आहे. क्रिएटिनिन ४ असलेल्या तिशीतल्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण २० निघतो, तर तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या पासष्टीच्या बाईचा १२ च्या आसपास. म्हणजे तो चौथ्या पायरीवर आणि ती पाचव्या. शेजारच्या काकांचे सहा असूनही ते हिंडतात-फिरतात, मग आपल्याला इतक्यात घाई कशाला, हा हिशेब म्हणूनच चुकतो. जोडीदाराने एका वहीत तारीखवार ईजीएफआर, हिमोग्लोबिन, पोटॅशियम, वजन आणि रक्तदाब लिहून ठेवावा. आकडे कोणत्या वेगाने उतरत आहेत ते अशा वहीतून दिसते. डॉक्टरांनाही ती उपयोगी पडते.

पहिला मोठा निर्णय उपचाराच्या पद्धतीचा. रक्ताच्या डायलिसिसमध्ये, म्हणजे हिमोडायलिसिसमध्ये, रक्त यंत्रातून फिरवून गाळले जाते. ते आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास करावे लागते. आपल्याकडे खर्चामुळे आणि केंद्रे लांब असल्यामुळे अनेक जण दोनदाच करून घेतात. पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटात कायमची एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून साधारण दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, काही तास ठेवायचा आणि काढून टाकायचा, असे दिवसातून तीन-चारदा. हे घरीच करता येते, त्यामुळे केंद्रापासून दूरच्या तालुक्यात राहणाऱ्याला किंवा नोकरी टिकवू पाहणाऱ्याला ते सोयीचे पडते. मात्र पिशव्या ठेवायला जागा हवी, हात धुण्याची शिस्त हवी आणि बाहेर येणारा द्रव गढूळ दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्याची दक्षता हवी, कारण गढूळपणा पोटातल्या जंतुसंसर्गाची खूण असते. अनेक ठिकाणी या पद्धतीचे नावही रुग्णाच्या कानावर पडत नाही. जोडीदाराने ते आपणहून विचारावे.

प्रत्यारोपण हा तिसरा मार्ग. दाता तयार असेल तर ते डायलिसिस सुरू होण्याआधीही करता येते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात पती-पत्नी हे जवळच्या नातेवाइकांत मोडतात. रक्तगट जुळला नाही तरी, २०११ च्या दुरुस्तीनंतर, अशाच अडचणीत असलेल्या दुसऱ्या जोडप्याशी दात्यांची अदलाबदल करता येते. मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांच्या प्रतीक्षायादीत रुग्णालयामार्फत नाव नोंदवावे लागते आणि वाट पाहण्याचा काळ अनेकदा वर्षांचा असतो. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत, हे मात्र निमूटपणे मान्य करण्यासारखे नाही. बायकोने द्यायचे हे घरात गृहीत धरले जाते आणि तिला नीट विचारलेही जात नाही. दात्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची संधी मिळाली पाहिजे. ‘नाही’ म्हणण्याचा तिचा हक्क कोणी हिरावून घेता कामा नये.

फार थकलेल्या, इतर आजारांनी जर्जर झालेल्या वृद्धाच्या बाबतीत डायलिसिस न करता औषधांनी त्रास कमी ठेवण्याचा पर्यायही असतो. तो निवडणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. तोही उपचारच आहे आणि रुग्णाला तो हवा असेल तर घरच्यांनी त्याच्या बाजूने उभे राहावे.

हिमोडायलिसिस ठरले की सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हाताची शीर. मनगटाजवळची किंवा कोपराजवळची रोहिणी आणि नीला छोट्या शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडतात. या जोडाला फिस्टुला म्हणतात. ही पद्धत १९६६ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी जगापुढे मांडली आणि आजही तिच्याइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही. रोहिणीच्या जोराने नीला हळूहळू रुंद आणि जाड होते, मग तिच्यात पुन्हा पुन्हा सुया टोचता येतात. पण त्यासाठी दीड-दोन महिने, कधी तीनही लागतात. आपल्याकडे बहुतेकांचे पहिले डायलिसिस घाईगर्दीत, मानेत नळी घालून होते, कारण फिस्टुला वेळेवर केलेला नसतो. त्या नळीतून जंतुसंसर्ग होण्याचा धोका बराच जास्त असतो. ‘हातावर शस्त्रक्रिया केली म्हणजे डायलिसिस लागलेच’ ही भीती त्या दिरंगाईच्या मुळाशी असते. ती निराधार आहे. फिस्टुला तयार असूनही वर्षभर डायलिसिस न लागलेले रुग्ण असतात.

फिस्टुला होण्याच्या आधीपासूनच तो हात जपायचा असतो. बहुधा डावरा नसलेल्या माणसाचा डावा हात त्यासाठी निवडतात. त्यातून रक्त काढायचे नाही, सलाईन लावायचे नाही. लॅबमधला मुलगा सवयीने तोच हात पुढे ओढतो, तेव्हा ‘हा नको, दुसरा घ्या’ हे सांगायला शेजारी कोणीतरी लागते. शस्त्रक्रियेनंतर त्या हातावर रक्तदाबाचा पट्टा नाही, घट्ट बांगड्या नाहीत, घड्याळ नाही, पाण्याची बादली नाही, आणि झोपेत तो अंगाखाली येऊ द्यायचा नाही. जोडावर बोटे हलकेच टेकवली तर मांजर घुरघुरते तशी बारीक, अखंड थरथर लागते. डॉक्टर तिला ‘थ्रिल’ म्हणतात. ती रोज सकाळ-संध्याकाळ तपासायची. थरथर थांबली असेल तर आत गुठळी झाली असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठले तर कधी कधी फिस्टुला वाचतो, ‘उद्या बघू’ म्हटले तर बहुधा जातो. जोडीदाराच्या बोटांना या थरथरीची ओळख असावी. ताप किंवा गुंगीत असलेल्या रुग्णाला तिच्यातला बदल कळेलच असे नाही.

याच काळात हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करून घ्यावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांना ती दुप्पट मात्रेत, सहा महिन्यांत चार वेळा देतात, आणि जितकी लवकर सुरू होईल तितका तिचा उपयोग जास्त. हिमोग्लोबिन उतरले की आधी लोह आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने यांचा विचार व्हावा. प्रत्यारोपणाची आशा असलेल्याला रक्त चढवणे शक्यतो टाळतात, कारण त्यामुळे पुढे जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड होऊ शकते.

स्वयंपाकघरात सर्वांत मोठी उलथापालथ होते. दिवसभराचे मीठ सगळे मिळून एका सपाट चमच्याएवढे, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. पापड, लोणचे, फरसाण, खारे मासे यांतले मीठ त्या हिशेबात धरायचे. सैंधव घातल्याने काहीच वाचत नाही, तेही मीठच. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ तर अधिक धोक्याचे, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस अचानक दगावू शकतो.

इथे आपल्या रीतीभातीच आड येतात. आजाऱ्याला भेटायला येणारा शहाळे आणि मोसंबी घेऊन येतो. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. आणणाऱ्याचे मन न दुखवता ते बाजूला ठेवणे हे काम जोडीदारालाच जमते. एकादशीची साबुदाण्याची खिचडी साधी वाटते, पण तिच्यात शेंगदाणे आणि बटाटा असतो. स्टारफ्रूट, म्हणजे कमरख, तर पूर्ण वर्ज्य. त्यातले एक विष निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकते, निकामी मूत्रपिंडाच्या रुग्णात ते मेंदूवर परिणाम करते आणि जीवही घेऊ शकते. बटाटा खायचाच असेल तर साल काढून बारीक फोडी कराव्यात, भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवून ते पाणी फेकावे, पुन्हा भरपूर पाण्यात शिजवून तेही ओतून टाकावे. पोटॅशियम सगळे जात नाही, बरेचसे जाते.

मात्र फोनवर फिरणाऱ्या याद्यांवरून पथ्य ठरवू नये. पोटॅशियम वाढलेले नसेल तर सगळी फळे बंद करण्याची गरज नसते. लघवी चांगली होत असेल, सूज नसेल तर पाणी तोडायचे कारण नसते. लघवी कमी झाली की आदल्या दिवशीची लघवी अधिक सुमारे अर्धा लिटर असा हिशेब सांगतात आणि त्यात चहा, ताक, आमटीचे पाणी सगळे धरतात. डायलिसिसआधी प्रथिने बेताची ठेवतात. आहारतज्ज्ञाची एक भेट हे सगळे त्या माणसाच्या रिपोर्टप्रमाणे बसवून देते.

रुग्ण पुरुष असेल तर बायको हे सगळे सांभाळते, सहसा कोणी न सांगता. रुग्ण बायको असेल तेव्हा ती घरच्यांचा नेहमीचा स्वयंपाक करते आणि स्वतःच्या पथ्याचे शेवटी, उरल्या ताकदीत बघते. मग आमटी सगळ्यांचीच, मीठ सगळ्यांचेच. अशा घरात नवऱ्याने ओट्याशी उभे राहायला शिकणे ही उपचाराचीच बाब आहे. कमी मिठाची भाजी घरातल्या सगळ्यांनी खाल्ली आणि ज्याला हवे त्याने वरून घेतले, तर दोन चुली मांडाव्या लागत नाहीत.

औषधांच्या बाबतीत दोन गोष्टींकडे लक्ष हवे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी उरलेसुरले मूत्रपिंडही घालवते. ‘क्रिएटिनिन उतरवणारी’ भस्मे आणि काढे यांच्या नादी लागून अनेकांनी हे मोलाचे महिने गमावले आहेत. दुसरे इन्सुलिनचे. मूत्रपिंडे थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि पूर्वीचाच डोस जड होतो. रात्री रुग्णाला दरदरून घाम सुटला, तो असंबद्ध बोलू लागला तर आधी साखर तपासावी. ती उतरलेली असेल आणि गिळता येत असेल तर साखरेचे किंवा ग्लुकोजचे पाणी द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही न देता तडक रुग्णालय गाठावे.

मळमळ, तोंडाला विचित्र चव, अंगाला खाज, रात्रीची मोडलेली झोप यांनी माणूस चिडचिडा होतो. त्या चिडण्यात काही वाटा रक्तात साठलेल्या विषांचा असतो. तरीही दिवसभर ‘हे खाऊ नको, ते पिऊ नको’ ऐकावे लागले तर घराचे पोलीस ठाणे होते. ताटात काय वाढायचे ते जोडीदाराने ठरवावे, प्रत्येक घासावर नजर ठेवू नये. डायलिसिसच्या रुग्णांत नैराश्य चार-पाचांत एकाला असते आणि त्यावर उपचार आहेत. शारीरिक संबंधांतली ओढही आजाराने आणि काही औषधांनी कमी होते. ‘प्रेम आटले’ असा अर्थ काढण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. आणि रिपोर्ट लपवू नयेत. रुग्णाला बाहेर बसवून नातेवाइकाने डॉक्टरांना ‘त्यांना सांगू नका’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ज्याच्या हातात सुया टोचायच्या आहेत, त्याला अंधारात ठेवून कोणतीही तयारी पुरी होत नाही.

पैशांची तजवीज आधीच करावी. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. केंद्राच्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत ते मोफत मिळते. रेशन कार्ड आणि आधारवरची नावे जुळत नसतील तर ती दुरुस्ती आताच करून घ्यावी. डायलिसिससाठीच्या प्रवासात रेल्वे रुग्णाला आणि एका सोबत्याला सवलत देते, एसटीच्या साध्या गाड्यांतही रुग्णाला सवलत आहे. केंद्राची पाळी सकाळची, दुपारची की रात्रीची हेही आधी विचारावे, कारण नोकरीचे गणित त्यावर बसते. जोडीदाराने स्वतःचा रक्तदाब आणि साखरही तपासून घ्यावी, आणि दर वेळी आपणच सोबत जायचे असे न ठरवता भाऊ, मुलगी, शेजारी यांच्यात वार वाटून द्यावेत.

सुरुवात केव्हा करायची हे केवळ आकड्यावर ठरत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, क्षमता १० ते १४ असताना डायलिसिस सुरू केलेले रुग्ण ५ ते ७ पर्यंत थांबलेल्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. अन्न नकोसे होणे, वजन घटणे, औषधांना दाद न देणारी सूज ही लक्षणे पाहून वेळ ठरते. आडवे झाल्यावर धाप लागणे, गुंगी येणे, हातापायांतली ताकद अचानक जाणे यांपैकी काहीही झाले तर मात्र पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही, रात्र असली तरी निघायचे.

पहिल्या एक-दोन बैठका दोन-अडीच तासांच्याच ठेवतात, कारण रक्त एकदम शुद्ध केले तर डोके दुखते, उलट्या होतात. आधी आणि नंतर वजन करतात. त्या फरकावरून किती पाणी काढले ते कळते. सुया काढल्यावर दहा मिनिटे तरी जागा हलक्या हाताने दाबून धरावी लागते. घरी आल्यावर रुग्ण गळून जातो, झोपतो, त्या दिवशी पाहुणे नकोत. आणि आहार पुन्हा बदलतो. डायलिसिसमध्ये प्रथिने वाहून जातात, म्हणून इतके दिवस हात राखून दिलेली अंडी, मासे, पनीर, डाळ आता डॉक्टरांना विचारून वाढवायची असतात. जुने पथ्य तसेच चालू राहिले तर रुग्ण कुपोषित होतो. तेव्हा आहारतज्ज्ञाची दुसरी भेट पहिल्याच आठवड्यात ठरवून ठेवावी.