कापूस घरात भरलाय? मग एवढं वाचाच



भाव वाढेल म्हणून कुंभार पिंपळगाव आणि आसपासच्या वस्त्यांवर बऱ्याच जणांनी कापूस घरातच भरून ठेवलाय. कुणाच्या पुढच्या खोलीत, कुणाच्या माजघरात, पार पत्र्याला टेकेपर्यंत. थांबायचं की विकायचं, हा तुमचा निर्णय. पण 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये धरला तर वीस क्विंटल म्हणजे 1 लाख 62 हजार रुपये एका खोलीत पडलेत, आणि भिंतीपलीकडं घरची माणसं झोपतात. पीकविमा शेतातल्या पिकाचा असतो. घरात भरलेला कापूस जळाला तर तो त्यात येत नाही.

कापसाची आग फसवी. वरचा मोकळा कापूस भुर्रकन पेटतो, पाणी मारलं की विझल्यासारखं वाटतं, पण ढिगाच्या आत धुमसणं चालूच राहतं. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजात कापसाच्या गाठी अशाच धुमसायला लागल्या. दुपारभर पाणी मारलं, आग हाती लागली नाही. त्याच जहाजात दारूगोळा होता. चारच्या सुमारास स्फोट झाला, अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. 14 एप्रिलचा अग्निशमन सेवा दिन त्यांच्याच आठवणीत पाळतात. आपल्या घरात दारूगोळा नसला तरी गॅसची टाकी आहे.

सगळ्यात आधी वीज बघा. स्विचबोर्ड कापसात गाडला गेला असेल तर आजच कापूस हातभर मागं ओढा. त्या खोलीत मोबाईल किंवा फवारणी पंपाची बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, रात्रभर तर नाहीच. जमलं तर त्या खोलीची लाईन मेन बोर्डातूनच बंद ठेवा, आत जाताना टॉर्च न्या. फ्यूज सारखा उडतो म्हणून काही जण जाड तार घालतात. मग फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर तापते. वायरमनला बोलवा, त्याचे पैसे कापसापुढं काहीच नाहीत.

बिडी, मच्छर अगरबत्ती, देवाचा दिवा त्या खोलीत नको. पोरं कापसावर लोळत मोबाईल बघतात, त्यांनाही समजावून सांगा. पऱ्हाटीचा ढीग आणि कडब्याची गंजी घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीला लावू नका. गोठ्यात दाराजवळ एक विळा टांगून ठेवा. आगीत बुजलेल्या जनावराची गाठ सुटत नाही, दावं कापावंच लागतं.

गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो. वास आला तर बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळेला पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि बाहेरूनच 1906 ला फोन लावा. गॅसची नळी पाच वर्षांत बदलायची असते. तारीख नळीवरच छापलेली असते, आज बघून घ्या. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका, गॅस बंद करून वर ताट झाका.

कापसानं दार अडलंय का? अनेक घरांत येण्याजाण्याचा रस्ता एकच आणि त्यातच ढीग, खिडकीला गज. निदान एक माणूस सरळ चालत जाईल एवढी वाट मोकळी ठेवा. रात्री कुलूप लावत असाल तर किल्ली दाराजवळच्या एकाच खिळ्याला. म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार, लेकराला कोण घेणार, हे आधीच ठरवा. बाहेर सगळ्यांनी कुठं जमायचं तेही ठरवा, म्हणजे आत कुणी राहिलं का ते लगेच कळेल. धूर वर चढतो, म्हणून खाली वाकून, रांगत बाहेर पडा.

अग्निशमनाची गाडी शहरातून वस्तीवर पोचायला वेळ लागतो. तोवर आपलंच पाणी कामाचं. दाराबाहेर भरलेला ड्रम, दोन बादल्या, आणि स्वच्छ धुतलेला पाठीवरचा पंप पाण्यानं भरून ठेवा. आग लहान असेल तरच विझवायला जा, तेही मेन स्विच बंद करून. कापूस विझल्यासारखा दिसला तरी आत सोडू नका. बाहेर मोकळ्यावर ओढून पसरा, भिजवा, रात्रभर लक्ष ठेवा. मात्र खोली धुरानं भरली असेल तर कापूस जाऊ द्या, आत शिरू नका.

कुणी भाजलं तर भाजल्या जागेवर साधं गार पाणी वीस मिनिटं सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका. मग दवाखाना.

भरलेल्या खोलीचे फोटो आणि वजनाच्या चिठ्ठ्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवरही पाठवून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात. आगीसाठी 101, कुठल्याही संकटात 112. दुपारी घरी आजी-आजोबा आणि लेकरंच असतात, तेव्हा हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि हा मेसेज त्यांना वाचून दाखवा.